डावा आटा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या भिंतीला पाठ लावून माझं लेथ.
समुद्र इथून चोर्ला घाटापलीकडं. दोनदाच बघितलाय,
आणि दोन्ही वेळी चप्पल हातात घेऊन.

कुमुद रायकर कारवारहून आल्या ते
पेपरात गुंडाळलेला एक टर्नबकल घेऊन.
शिडाची होडी, डोलकाठीची डावी तार,
वारा काही फार नव्हता म्हणाल्या, आवाज मात्र
बंदुकीसारखा.
डोलकाठी वाचली. बाईंच्या कपाळावर चार टाके.

तुकडा भिंगाखाली धरला.
वरून चकचकीत, भांड्याच्या दुकानातल्यासारखा,
मानेपाशी चहाच्या डागाएवढी तांबूस रेघ,
रेघेच्या आत दोन-तीन वर्षांचं जुनं मीठ.

"ह्याच्याहून जाड करा," बाई म्हणाल्या.
जाड कशाला ओ?
ताकद कमी पडून तुटला नाही हा, वाकून तुटला.
खाली बिजागरी नव्हती, तार हलेल तसं ह्याला वाकावं लागलं.
सरळ ओढलं तर धातू सोसतो,
वाकवून ओढलं की मनात धरून ठेवतो.

स्टेनलेसमध्ये स्टेनलेस नको, एकदा धरलं की
ना पुढं ना मागं, करवतच लागते.
अंग गनमेटलचं घेऊ. बंद नळी नको,
उघडी चौकट, म्हणजे आत किती आटे उरलेत
ते बाहेरून दिसतं.
शेजारच्या बसलिंगानं साचा भरला,
ओतताना पुटपुटला ते त्याचं आणि देवाचं.

मग आटे.
एक टोक उजवं, एक टोक डावं.
उजवा झोपेतही पडतो. डाव्याला
टूल उलटं चालवायचं, चकाकडून बाहेर,
एकतीस वर्षांची सवय मनगटात अडून बसते
आणि मी रेडिओ बंद करतो.

मागं निंगाप्पा शिकाऊ होता तेव्हा
त्यानं दोन्हीकडं उजवेच आटे पाडले.
दुपारभर फिरवत बसला,
इकडनं जेवढं आत, तेवढं तिकडनं बाहेर,
घामानं बनियन भिजलं, फट तेवढीच.
"दोन्ही सारखेच हायत की मामा, मग जवळ का येईनात?"
मी हसलो नव्हतो. आता आठवून हसतो.

गर्डरला टांगला, खाली बिडाचा ठोकळा,
मी फिरवत गेलो, बसलिंग तारेवर बोट ठेवून उभा.
"साकु," म्हणाला. मी आणखी पाव वेढा दिला.
"साकु अंदे!"
पाव वेढा परत घेतला.

बिलावर वर कन्नड, खाली इंग्रजी,
मागची बाजू कोरी. तिथं मी लिहून दिलं:
तार म्हणजे सतार नव्हे, वाजेपर्यंत ओढू नका.
पावसाळ्यात होडी वर काढाल तेव्हा पूर्ण सोडा,
आधी वेढे मोजा, भिंतीवर लिहा, लक्षात ठेवतो म्हणू नका.
रॉकेलनं धुवा. नख फिरवा, नख अडलं तर मला दाखवा.
लोकरीचं ग्रीस. गोडं तेल अजिबात नको.
पिन दरवर्षी नवी, तिची टोकं आत वळवा, पोटरी कापते.
आणि चिकटपट्टीनं गुंडाळून त्याचा श्वास कोंडू नका,
मीठ अंधारातच काम करतं.

बाईंनी वाचलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.

परवा पार्सल आलं. दोन पावसाळे झालेत.
सोबत चिठ्ठी: अकरा वेढे. नख अडलं नाही, पण
तुम्ही एकदा बघा.

उजवं टोक सोडलं, अलगद आलं.
आट्याच्या खाचेत पांढरं काहीतरी,
बोटावर घेतलं, जिभेला लावलं.
बसलिंगानं भिंतीवरनं विचारलं, "येनु?"
"उप्पू," मी म्हटलं,
आणि डावं टोक सोडायला घेतलं,
उलट्या हातानं, मोजत.